बांगड्याच्या डोक्यांवर जगणारा कुत्रा आणि दोन एसयूव्ही

गेले काही महिने एक मराठी संदेश इथल्या, गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. पेडण्याच्या नातेवाईकाकडून येतो, फोंड्याच्या मित्राकडून येतो, सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनदा येतो. त्यातले दावे थोडक्यात असे. एक कुत्रा पाळला की दोन एसयूव्हींएवढं प्रदूषण होतं. मांसासाठी जनावरं वाढवण्याने जे नुकसान होतं, त्यातला पाव हिस्सा पाळीव प्राण्यांच्या खात्यावर आहे. मांजरं दर वर्षी अब्जावधी पक्षी मारतात. पाळायचंच असेल तर त्यांना शाकाहारी करा. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे घरात प्राणी ठेवूच नका, बाहेरच्या मोकळ्या कुत्र्यांना दोन घास घाला.

निव्वळ थाप असती तर हसून सोडून दिली असती. पण यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या खऱ्या अभ्यासातून उचललेला आहे. मूळ हिशोब कोणाचा, कुठला आणि कशाचा, हे तेवढं वाटेत गळून पडलं आहे.

"एक कुत्रा म्हणजे दोन एसयूव्ही"

हे आलं न्यूझीलंडहून, २००९ साली. रॉबर्ट आणि ब्रेंडा वेल या वास्तुतज्ज्ञ दांपत्याने एका पुस्तकात हा हिशोब मांडला. मध्यम आकाराचा कुत्रा वर्षाला १६४ किलो मांस आणि ९५ किलो धान्य खातो, असं त्यांनी धरलं. किलोभर कोंबडीमागे ४३.३ चौरस मीटर जमीन, किलोभर धान्यामागे १३.४. गुणाकार करून बेरीज केली की येते ०.८४ हेक्टर. मग घेतली लँड क्रूझर ही एसयूव्ही. वर्षाला १० हजार किलोमीटर धावणारी, बनवण्याचा वाटा धरून ५५.१ गिगाज्यूल ऊर्जा खाणारी. एक हेक्टर जमीन वर्षाला सुमारे १३५ गिगाज्यूल ऊर्जा पिकवू शकते, म्हणून गाडीच्या नावावर ०.४१ हेक्टर. कुत्रा दुप्पट!

गुणाकार-भागाकार चोख आहे. लबाडी नाही, पण गोम मापात आहे. गाडीचं इंधन जणू शेतात पिकतं, असं धरून तिची जमीन काढली आहे. डिझेल शेतात पिकत नाही, ते जमिनीखालून उपसतात, आणि जळल्यावर त्यातला कार्बन हवेत जाऊन बसतो. त्या धुराला या हिशोबात जागाच नाही.

आता दोघांना एकाच तागडीत घालू. एसयूव्ही लिटरला १२ किलोमीटर देते असं धरा. १० हजार किलोमीटरला साधारण ८३० लिटर डिझेल. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला सव्वादोन टन, आणि यात गाडी बनवण्याचा वाटा धरलेलाच नाही. उलट बाजूला, ब्राझीलच्या संशोधकांनी २०२२ साली काढलेला आकडा असा: १० किलोच्या कुत्र्याला फक्त कोरडं खाद्य दिलं तर वर्षाला सुमारे ८२८ किलो. गाडीच्या निम्म्यालाही पोचत नाही.

दुसरी गोम त्या १६४ किलोंत. रोजच्या ३०० ग्रॅम कोरड्या खाद्यामागे ४५० ग्रॅम ताजं मांस लागलं, असं धरून तो आकडा आला आहे. जणू कुत्र्यासाठी खाटकाच्या दुकानात रांग लावली होती. कोरड्या खाद्यात जातात ती फुप्फुसं, काळजं, कातडी, हाडांचा चुरा, मका, तांदळाचा कोंडा. त्यासाठी म्हणून कोणी कोंबडी वाढवत नाही. हे अगदी फुकटचं आहे असंही नाही, कारण त्या उरलेल्या मालाचेही पैसे उद्योगाला मिळतात. पण छातीच्या तुकड्याएवढा भार त्यावर टाकणं हा अन्याय आहे.

आणि मग आपला गोवा. इथल्या किती घरांत कुत्रा रोज ४५० ग्रॅम मांस खातो? सकाळी दहाच्या सुमारास मासळीवाली दारात टोपली उतरवते, बांगडे घेतले जातात, मागच्या दारी विळीवर साफ होतात. डोकी, कल्ले, शेपट्या एका जुन्या टोपात. त्यात रात्रीचा उकड्या तांदळाचा भात, चिमूटभर हळद, वाटीभर पाणी, आणि उतरत्या आचेवर एक कढ. वासाने कुत्रा आधीच उंबऱ्याशी, मांजर विळीच्या अगदी जवळ आणि कावळा माडावर. ही डोकी कुत्र्याने खाल्ली नाहीत तर ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातात आणि पंचायतीची गाडी येईपर्यंत सगळ्या वाड्याला आपला पत्ता सांगतात. या कुत्र्यासाठी एकही जास्तीचा बांगडा समुद्रातून काढला गेलेला नाही.

हे झालं गावातलं. पर्वरीच्या किंवा दाबोळीच्या फ्लॅटमधली गोष्ट वेगळी असू शकते, ते कबूल केलं पाहिजे. त्याच ब्राझीलच्या अभ्यासात १० किलोचा तोच कुत्रा फक्त ओल्या पाकिटबंद खाद्यावर ठेवला, तर आकडा ६,५४१ किलोंवर जातो. म्हणजे जवळजवळ तीन एसयूव्ही. दमट हवेत हस्की आणून त्याच्यासाठी वेगळा एसी लावणाऱ्यांनी आणखी एक बेरीज करावी: तासाला एक युनिट, दिवसाला दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तीन हजार युनिट. देशाच्या विजेत युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर २.१ टन. इथे संदेश चुकला असलाच तर सौम्यपणाकडे चुकला आहे. पण हा भार पाकिटाचा आणि एसीचा. तो सगळ्या कुत्रेजातीच्या माथी मारायचं कारण नाही.

जाता जाता: २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, आणि नोंदलेल्या वाहनांचा आकडा त्याच्या आसपास केव्हाच पोचला आहे. हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांत गाडी नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

"पाव हिस्सा पाळीव प्राण्यांचा"

हा आकडा अमेरिकेचा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ साली तिथल्या १६.३ कोटी कुत्र्या-मांजरांचा हिशोब केला. अमेरिकेत मांसासाठी होणाऱ्या पशुपालनाचा जमीन, पाणी, इंधन वगैरेंवर जो भार पडतो, त्यातला २५ ते ३० टक्के या प्राण्यांच्या खाण्यामुळे, असं त्यांनी मांडलं. अमेरिकेतला कुत्रा अमेरिकेतल्या माणसासारखंच खातो, एवढाच त्याचा सरळ अर्थ. तो टक्का उचलून इथे चिकटवता येत नाही. जगभराचा विचार करून २०२० साली झालेल्या एका अभ्यासात कोरड्या खाद्याचा वाटा शेतीतून होणाऱ्या एकूण उत्सर्जनाच्या १.१ ते २.९ टक्के निघाला. हाही काही किरकोळ नाही, पण पाव हिस्सा आणि हा, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि लोकांनी आपले प्राणी सोडून द्यावेत असं आपण सुचवत नाही, हे ओकिन यांनी तेव्हाच सांगितलं होतं. संदेशात ते नेमकं आलं नाही.

"मांजरं अब्जावधी पक्षी मारतात"

हाही अमेरिकेचाच आकडा, २०१३ सालचा: वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी. मात्र त्याच अभ्यासात स्पष्ट लिहिलं आहे की यातले बहुतेक बळी मालक नसलेल्या मांजरांचे. म्हणजे दोष मांजर पाळण्याचा कमी आणि न पाळण्याचा, सोडून देण्याचा जास्त.

तरी घरचं मांजर धुतल्या तांदळाचं नाही. कौलांवरून रात्रभर फिरणारं मांजर सकाळी शिंजीर किंवा सरडा आणून पायरीवर ठेवतं, हे कोणीही पाहिलं असेल. ज्यांच्या घरामागे खाजन (खाडीकाठची शेतजमीन) किंवा कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, त्यांनी रात्री तरी त्याला आत घ्यावं. "पण आमचं मांजर उंदीर मारतं" हे उत्तरही फार ताणू नये. न्यूयॉर्कमध्ये एका कचरा प्रकल्पात पाळत ठेवून पाहिलं, तर मांजरं मोठ्या घुशी-उंदरांच्या वाटेला क्वचितच जाताना दिसली. लहान, सोपी शिकार त्यांना बरी वाटते, आणि पक्षी त्यातच येतो.

"त्यांना शाकाहारी करा"

कुत्र्याचं नीट आखलेल्या शाकाहारावर भागू शकतं. मांजराचं नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, आणि कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. कारखान्यात वेगळं घातलेलं टॉरिन असेल तर गोष्ट निराळी. घरच्या वरणभातात ते येत नाही. विषय संपला.

"पाळू नका, मोकळ्यांना खाऊ घाला"

खरा घोळ इथे आहे. वरचे दावे नुसते चुकीचे आहेत. हा सल्ला नुकसान करणारा आहे.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. या किनाऱ्यांवर थंडी सुरू झाली की ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. वन खातं त्या जागांभोवती जाळी लावतं, माणसं बसवतं. त्यांना जपावं लागतं ते माणसांपासून, शॅकच्या दिव्यांपासून आणि कुत्र्यांपासून. कुत्र्याला वास लागला की तो पंजाने घरटं उकरतो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडली की पाण्यापर्यंतच्या वाटेवर पुन्हा तोच. हे कुत्रे तिथे जमतात कशाने? शॅकच्या उष्ट्याने, आणि संध्याकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन येणाऱ्या दयाळू माणसांमुळे. पर्यटनाचा मोसम संपतो, पुडे थांबतात, कुत्रे तिथेच राहतात.

हे फक्त किनाऱ्याचं नाही. देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यजीवांवर हल्ले केल्याचं दिसलं. त्यातल्या ३१ जाती धोक्यात आलेल्यांच्या जागतिक यादीत होत्या. सत्तरी-सांगे भागात याची दुसरी बाजू दिसते: कुत्रा बिबट्याला वस्तीपर्यंत आणतो.

मोकळ्या कुत्र्यांना उपाशी मारा असं मी म्हणत नाही. लसीकरणाच्या मोठ्या मोहिमेनंतर २०२१ साली गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, ते याच कुत्र्यांना हात लावणाऱ्या, पकडणाऱ्या, टोचणाऱ्या लोकांमुळे. खाऊ घालणारा माणूस त्या कामात उपयोगी असतो, कारण कुत्रा त्याच्या जवळ येतो. पण मग नसबंदी आणि लस ही जबाबदारीही त्याने घ्यावी, आणि जागा बघून घास घालावा. खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायची तरतूद २०२३ च्या केंद्रीय नियमांत आहे.

आणि "पाळू नका" हे वाचून आधीच पाळलेल्याचं काय करायचं? भाड्याचं घर सोडताना कुत्रा मागे ठेवून जाणारे इथे कमी नाहीत. त्यांना आता पर्यावरणाचं कारणही मिळालं. घरात बांगड्याच्या डोक्यांवर जगणारा, लस टोचलेला, रात्री बांधलेला कुत्रा किनाऱ्यावर सोडला, तर कार्बन किती वाचेल कोण जाणे. कासवाचं घरटं मात्र जाईल.

संदेशात न आलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक घरात असते. पावसाळ्यात गोचिडी आणि पिसवा वाढतात, आणि आपण कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकतो. त्यात बहुतेक वेळा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, दोन्ही कीटकनाशकं. इंग्लंडमधल्या २० नद्यांचे नमुने तपासले तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं, आणि संशोधकांनी पाळीव प्राण्यांवरच्या औषधांकडे बोट दाखवलं. पाण्यातले किडेही याने मरतात, आणि त्या किड्यांवर मासे जगतात. आपल्याकडे रविवारी कुत्र्याला व्हाळावर किंवा नदीवर न्हाऊ घालायची पद्धत आहे. थेंब टाकल्यावर निदान दोन दिवस त्याला पाण्यात उतरवू नये, असं बहुतेक पाकिटांवर छापलेलंच असतं, फक्त अक्षर फार बारीक असतं.