नाकुरूला दोन रात्री द्या

केनियाला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी नाकुरू तलावाच्या राष्ट्रीय उद्यानाला जेमतेम अर्धा दिवस देतात. मसाई माराहून येताना दुपारी पोहोचायचे, गाडीतून एक फेरी मारायची आणि अंधार पडायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा. सहा वर्षांपूर्वी मीही असाच जाऊन आलो. प्रवास कंपनीच्या पत्रकावर रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेल्या काठाचे छायाचित्र होते; प्रत्यक्षात लांबवर चाळीस-पन्नास पक्षी दिसले आणि गाडीत सगळ्यांचे चेहरे उतरले. छायाचित्र जुन्या काळातले आहे, एवढे तरी आम्हाला आधी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

नाकुरूत नद्या येऊन मिळतात, पण तलावातून एकही बाहेर पडत नाही. म्हणून त्याचे पाणी खारट आणि क्षारयुक्त राहिले आणि त्यात वाढणाऱ्या स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळावर छोटे रोहित लाखोंनी जगले. २०१०नंतर पाणी चढू लागले. सुमारे ४० चौरस किलोमीटरचा तलाव दहा वर्षांत ६०च्या पुढे गेला, उद्यानाचे जुने प्रवेशद्वार आणि काठाचे रस्ते बुडाले, पाण्यातला क्षार विरळ झाला, शेवाळ घटले आणि बरेचसे रोहित उत्तरेला बोगोरिया तलावाकडे सरकले. शिवाय मुंबईकराने छोट्या रोहितासाठी एवढे लांब जायचे कारणच काय? जात तीच, ऐरोलीहून बोटीने निघाले की ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी दिसतात.

यंदा फेब्रुवारीत मी दोन रात्री उद्यानातच राहिलो, तेव्हा हा तलाव खऱ्या अर्थाने पाहिला. पाणी चढल्यामुळे काठावरच्या पिवळ्या बाभळी उभ्याच्या उभ्या वाळल्या आहेत. त्यांचे पांढरे पडलेले सांगाडे पाण्यातून वर आलेले असतात आणि प्रत्येक फांदीवर पाणकावळे पंख पसरून बसतात. सकाळी सातच्या सुमारास अशाच एका खोडावर आफ्रिकी मत्स्यगरुड बसला होता. त्याने मान पूर्ण मागे टाकून साद घातली, तेव्हा दुसऱ्या काठावरून त्याच्या जोडीदाराचे उत्तर आले. खाली पाणकोळ्यांची रांग एकाच वेळी चोच बुडवून मासे घेरत होती. मूळच्या खाऱ्या नाकुरूत मासे नव्हतेच. डासांना आळा घालण्यासाठी माणसांनी सोडलेल्या तिलापिया माशांमुळे पाणकोळी इथे आले.

उद्यान अवघे १८८ चौरस किलोमीटरचे आणि चहूबाजूंनी विजेच्या कुंपणात आहे. उत्तरेला तर शहर अगदी खेटून आहे. कुंपणामुळे गेंडे शिकाऱ्यांपासून वाचले, हे मान्यच करायला हवे. पांढरा गेंडा रुंद ओठांनी गवत कापताना ‘खर्र खर्र’ असा आवाज येतो आणि इंजिन बंद केले तर तो गाडीत बसूनही ऐकू येतो. काळा गेंडा मात्र टोकदार ओठाने झुडपांची पाने ओढतो, आणि त्याला पाहायला आम्हाला दोन दिवसांत चार फेऱ्या माराव्या लागल्या. पण त्याच कुंपणामुळे, पाणी गवताळ कुरणे गिळत असताना या जनावरांना सरकायला जागा उरत नाही. माझी खरी काळजी ही आहे. रोहित उडून जाऊ शकतात. गेंडा, रानम्हैस आणि १९७०च्या दशकात इथे आणून सोडलेले रॉथशील्ड जिराफ कुठे जाणार?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की माराची एक रात्र कमी करा, पण नाकुरूला दोन रात्री द्या आणि सहा वाजता फाटक उघडताच आत जा. आमच्या शेवटच्या सकाळी वाळलेल्या बाभळींच्या मागून सात जिराफ ओळीने काठावर आले. गुडघ्याखाली ठिपके नसल्यामुळे त्यांचे पाय पांढरे मोजे घातल्यासारखे दिसत होते. गेल्या वेळी जिथे आमची गाडी उभी होती, तिथे आता पाणी होते आणि जिराफ त्याच्या कडेने चालत होते.