चौकातून गाड्या काढल्या की बाजार बसतो म्हणे!

शहराच्या मुख्य चौकात गाड्या बंद करून बाकडी टाकायची नुसती चर्चा निघाली, की एक संदेश हमखास फिरू लागतो. कोंडी वाढेल, दुकानं बसतील, चौक टवाळखोरांचा अड्डा होईल, आणि हे सगळं परदेशात ठीक, आपल्याकडे नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली चाळीस अंगठे होते.

आधी कोंडी. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मे २००९ मध्ये ब्रॉडवेचा ४२ ते ४७व्या स्ट्रीटमधला तुकडा गाड्यांना बंद झाला. मोठं बांधकाम नाही. रस्त्यावर रंग, कडेला अडथळे आणि स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या. ब्रॉडवे तिथे सातव्या अ‍ॅव्हेन्यूला तिरका छेदतो, म्हणून सिग्नलचा खोळंबा व्हायचा. तिरका रस्ता वगळल्यावर गुंता सुटला. पालिकेने २०१० मध्ये आकडे दिले: चौक ज्या मिडटाउन भागात येतो त्याच्या पश्चिमेला उत्तरेकडच्या टॅक्सीफेऱ्या १७ टक्के वेगवान, दक्षिणेकडच्या मात्र २ टक्के मंद. जखमी पादचारी ३५ टक्क्यांनी घटले, गाडीतले जखमी ६३ टक्क्यांनी. खुर्च्यांवर माणसं बसतात हे दिसल्यावर मग पक्कं काम हाती घेतलं. ते २०१७ मध्ये संपलं. आपल्याकडे आधी ग्रॅनाइट येतो, माणसं येतील का ते नंतर बघू!

दुकानांचं म्हणाल, तर टाइम्स स्क्वेअरमध्ये उलट दुकानांची भाडी चढली. छोट्या दुकानदाराने खरं तर या चढत्या भाड्याला घाबरायला हवं, पण संदेशात त्याचा उल्लेखच नाही.

टवाळखोरांची भीती जुनीच. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये १९५१ मध्ये एक देखणं हॉटेल पाडून तिथे गाड्यांचा तळ केला होता. पुढे तिथे चौक करायचं ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांचा आग्रह बंदिस्त दालनाचा, कारण मोकळ्या जागेत भटके येतील. लोकांनी आपापल्या नावाच्या विटा विकत घेऊन पैसा उभा केला, १९८४ मध्ये चौक खुला झाला, आणि आज शहर त्याला आपली बैठकीची खोली म्हणतं. टवाळांना ओसाड जागा आवडते. जिथे आजी-आजोबा, पोरं, भेळवाला असतात तिथे त्यांचं फारसं जमत नाही.

राहिलं 'आपल्याकडे'. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद आहे. नियम मोडून घुसणाऱ्या गाड्या आणि अतिक्रमणं यांच्या तक्रारी तिथे आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पण तो दोष अंमलबजावणीचा. पुण्यात तर गणपतीत संध्याकाळी पेठांमधले रस्ते गाड्यांना बंद होतात आणि माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. लक्ष्मी रस्त्याने ११ डिसेंबरचा पादचारी दिनही पाहिलाय.

या संदेशात मला एक आक्षेप पटला असता, नेमका तोच नाही: एप्रिलच्या उन्हात दुपारी दोन वाजता या चौकात बसणार कोण? म्हणून आराखडा समोर आला की मी कारंजं बघत नाही. झाडं किती आणि स्वच्छतागृह कुठे, एवढं आधी शोधतो.