खुलासा : विम्बल्डन जिंकणारी पहिली स्पॅनिश महिला मुगुरुझा नव्हे

‘गार्बिन्ये मुगुरुझा ही विम्बल्डन एकेरी जिंकणारी पहिली स्पॅनिश महिला’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मुगुरुझाने 2017 मध्ये व्हीनस विल्यम्सला 7-5, 6-0 असे हरवून विजेतेपद मिळवले, हे खरेच. पण त्याच्या 23 वर्षे आधी, 1994 साली, स्पेनचीच कोंचिता मार्टिनेझ तिथे जिंकली होती.

तो सामना विसरण्यासारखा नव्हताच. समोर 37 वर्षांची मार्टिना नवरातिलोवा, विम्बल्डनच्या दहाव्या एकेरी विजेतेपदासाठी उतरलेली. प्रेक्षकही बहुतेक तिच्याच बाजूचे. मातीच्या कोर्टवर वाढलेल्या 22 वर्षांच्या कोंचिताने नेटकडे धावून येणाऱ्या मार्टिनाला चकवून तिच्या बाजूने जाणारे फटके, म्हणजे पासिंग शॉट, एकामागून एक काढले आणि 6-4, 3-6, 6-3 असा सामना घेतला.

स्पेनच्याच अरान्चा सांचेझ व्हिकारिओचे नावही काही जण या संदर्भात घेतात. अरान्चा 1995 आणि 1996 च्या अंतिम फेरीत होती. दोन्ही वेळा स्टेफी ग्राफ जिंकली.

कोंचिताची ती एकमेव ग्रँड स्लॅम एकेरी ट्रॉफी, पण कारकीर्द तेवढीच नाही : एकेरीची 33 विजेतेपदे, जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान, ऑलिंपिक दुहेरीत तीन पदके. 2006 मध्ये ती निवृत्त झाली. आणि 2017 च्या त्या विम्बल्डनमध्ये मुगुरुझाच्या प्रशिक्षकाच्या जागी कोण बसले होते? कोंचिताच. मुगुरुझाचे कौतुक करताना तिचे नाव पुसले जावे, हे मला फार लागते.