शेतीच्या वादात नत्राचा हिशेब कोण मांडणार?

रासायनिक शेती चांगली की सेंद्रिय, या वादातील दोन्ही बाजूंचे लेखन मी आवर्जून वाचत आलो आहे आणि दोन्हीकडे एकच गोष्ट सुटलेली दिसते. गव्हाचा एक टन दाणा शेताबाहेर गेला की त्याच्याबरोबर सुमारे २० किलो नत्र (नायट्रोजन) जाते, शिवाय स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशही (पोटॅशियम) जाते. हे दर हंगामात जात राहणार असेल, तर ते भरून कुठून काढायचे? या प्रश्नाचे उत्तर न देता कोणत्याही पद्धतीची कड घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

१९०९ या एकाच वर्षी या प्रश्नाची दोन उत्तरे समोर येत होती. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. १९०९ मध्येच अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग चीन, कोरिया आणि जपानमधील शेते पाहत हिंडत होते. शतकानुशतके तीच जमीन कसून एवढी दाट लोकसंख्या कशी जगते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. कालव्यांतला गाळ, राख, पालापाचोळ्याचे खत आणि माणसांचा मैलासुद्धा तिथले शेतकरी नेमाने शेतात परत नेत होते. एक उत्तर हवेतून नवे नत्र आणण्याचे होते आणि दुसरे, नेलेले परत देण्याचे. पुढच्या शंभर वर्षांत जगाने पहिले उत्तर इतके पूर्णपणे स्वीकारले की दुसऱ्यावर संशोधन करण्याची गरजच फारशी कोणाला वाटली नाही.

पहिल्या उत्तराचे मोल नाकारणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. आज जगातील निम्म्याच्या आसपास माणसांचे अन्न कृत्रिम नत्रावर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणूनच रासायनिक खते एका फटक्यात बंद करा, असे कोणी म्हणाले की मी अस्वस्थ होतो. श्रीलंकेच्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आणि कीडनाशकांच्या आयातीवर नेमके असेच निर्बंध घातले. पर्यायी खत पुरेसे तयार नव्हते आणि जमिनीला सावरायला अवधीही मिळाला नाही. भाताचे उत्पादन घसरले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात शेतकरी भरडले गेले, आणि सेंद्रिय शेतीचे वर्षानुवर्षे चिकाटीने प्रयोग करणाऱ्यांच्या कामावरही विनाकारण डाग लागला, याची मला खंत वाटते.

शेणखताने भागेल का, या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक नावाच्या शेतात मिळते. तिथे १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग अखंड चालू आहे. एका पट्ट्याला कोणतेच खत मिळत नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळते आणि इतर पट्ट्यांना रासायनिक खतांच्या वेगवेगळ्या मात्रा मिळतात. शेणखताच्या पट्ट्याचे उत्पादन रासायनिक खतांच्या चांगल्या पट्ट्यांच्या तोडीचे येत राहिले आहे आणि तिथल्या मातीतील सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. रासायनिक खतांच्या पट्ट्यांत तो तेवढा वाढलेला नाही. सेंद्रिय शेतीचे समर्थक हा निष्कर्ष अभिमानाने सांगतात आणि तो खराही आहे. पण हेक्टरी ३५ टन शेणखत आणायचे कुठून? शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते आणि युरियात ४६ टक्के, म्हणजे ४५ किलो युरियातील नत्रासाठी सुमारे ४ टन शेणखत लागते. ते देणारी जनावरे ज्या कुरणांवर आणि चाऱ्यावर वाढतात, ती जमीनही या हिशेबात धरायला हवी. एका शेताची सुपीकता दुसऱ्या जमिनीवरून उचलून आणलेली असेल, तर उत्पादनाची तुलना दोन्ही जमिनी मिळूनच केली पाहिजे.

हवेतील नत्र कारखान्याशिवाय जमिनीत आणणारा खरा मार्ग द्विदल पिकांचा आहे. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू नत्र स्थिर करतात, हे विज्ञानाने १८८० च्या दशकात सिद्ध केले; शेतकरी मात्र त्याआधी शतकानुशतके कडधान्यांची फेरपालट करून चांगला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला कस, साधत होते. पारंपरिक शेतीविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच ठिकाणी. तरीही हिरवळीच्या खताचे, म्हणजे जमिनीत गाडण्यासाठीच लावलेले, पीक शेतात उभे असते त्या काळात तिथे धान्य नसते, आणि उत्पादनाच्या बहुतेक तुलनांत हा काळ धरलेला नसतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सेंद्रिय आणि प्रचलित पद्धती शेजारी शेजारी तपासल्या जात आहेत. तिथल्या पहिल्या २१ वर्षांत सेंद्रिय पिकांचे उत्पादन सरासरी २० टक्के कमी आले, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के, तर कीडनाशके ९७ टक्के कमी लागली. दोन्ही पीकपद्धतींत फेरपालट होती, त्यामुळे ही तुलना मला प्रामाणिक वाटते. उत्पादनातील पाचव्या हिश्शाची घट किरकोळ नाही, आणि वाचलेली विषारी रसायनेही किरकोळ नाहीत.

औद्योगिक शेतीचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते रासायनिक खत हा नाही. तिने जनावरे आणि शेते एकमेकांपासून तोडली, हा आहे. हजारो जनावरे एका छताखाली ठेवल्यावर शेण ही विल्हेवाट लावण्याची अडचण होऊन बसते, आणि शेकडो किलोमीटर दूर ज्या जमिनीवर त्यांचा चारा पिकतो तिथे वर्षागणिक सेंद्रिय कर्बाची तूट पडत जाते. ती तूट युरियाने झाकली जाते. टाकलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने निम्मेच पिकाला लागू होते. उरलेले पाण्याबरोबर वाहून किंवा झिरपून जाते, काही वायुरूपाने उडते आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींच्या आसपास तापमानवाढ घडवतो. मिसिसिपी नदीतून वाहत आलेल्या नत्र-स्फुरदामुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर पाण्यातला प्राणवायू घटतो. खत स्वस्त ठेवण्याच्या धोरणाची ही किंमत बिलावर कुठेच छापलेली नसते, म्हणूनच ती सगळ्यांनी मिळून बोलून दाखवणे मला आवश्यक वाटते.

कीडनाशकांबाबत माझे मत अधिक स्पष्ट आहे. इंडोनेशियात भातावर बेसुमार फवारणी झाल्यावर तपकिरी तुडतुडे या भातावरील किडीला खाणारे कोळी आणि मित्रकीटक मेले आणि तुडतुडे मात्र माजले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरील ५७ कीडनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना कीड ओळखून मगच उपाय करण्याचे प्रशिक्षण दिले. फवारणी घटूनही भाताचे उत्पादन कोसळले नाही. सेंद्रिय शेती म्हणजे फवारणीमुक्त शेती, असे मात्र कोणी समजू नये, कारण तांब्याची बुरशीनाशके सेंद्रिय प्रमाणीकरणातही मर्यादेत चालतात आणि तांबे मातीत साचून राहते.

माझ्या दृष्टीने पाया फेरपालट, द्विदल पिके आणि शेतातच राहणारे सेंद्रिय पदार्थ यांचा असावा. उरलेली तूट माती तपासून, मात्रा विभागून, रासायनिक खताने भरावी. यात पावित्र्य भंगते असे मला वाटत नाही. पण स्फुरदाचे काय? ते हवेतून येत नाही. ते फॉस्फेट खडकांतून खणावे लागते आणि या खडकांचे जगातील ज्ञात साठे मोठ्या प्रमाणात मोरोक्को आणि पश्चिम सहारा या भागात एकवटलेले आहेत. दुसरा स्रोत शहरांच्या सांडपाण्यात आहे, जिथे शेतातून नेलेले स्फुरद शेवटी पोहोचते. सांडपाण्यातून स्ट्रुवाइट नावाचे स्फुरदयुक्त खत वेगळे काढता येते आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये ठरावीक अटींवर सेंद्रिय शेतीतही त्याला परवानगी दिली. इतर देशांच्या प्रमाणीकरण संस्थांनीही हा निर्णय लवकर घ्यावा आणि नगर प्रशासनांनी कारखान्यांचे धातूमिश्रित सांडपाणी घरगुती मैल्यात मिसळणे आधी थांबवावे, म्हणजे उरलेला गाळही कधीतरी शेतात नेण्याजोगा होईल.