परदेशातून : अकाउंटंटचा पगार कोण देणार?

अंबाजोगाईच्या आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच दळण चालू आहे. बीड जिल्ह्यात मुलांच्या केसेस बघणाऱ्या एका छोट्या संस्थेने मदतीचं पत्रक पाठवलं. त्यात अकाउंटंटचा पगार, कुलपाची कपाटं आणि डिझेल अशा तीन ओळी होत्या. झालं! "आपला रुपया थेट लेकराच्या हातात पडला पाहिजे, ऑफिसचे चोचले कशाला?" आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. मी टेक्ससमध्ये अशाच कामाच्या संस्थेत ऑपरेशन्स बघते. माझी अख्खी नोकरी त्या तीन ओळींत बसते, त्यामुळे राग आला आणि तो मी लपवत नाही.

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या केसमधलं लेकरू रुपया घेऊन काय करणार? त्याला तारखेला सोबत येणारी सपोर्ट पर्सन लागते. तिला एसटीचं भाडं लागतं, कोर्टात दिवस गेला तर दोघांना जेवण लागतं, आणि पुढची तारीख त्याच संध्याकाळी वहीत चढवणारं कुणीतरी लागतं. ती तारीख चढली नाही तर पुढच्या वेळी लेकरू एकटं उभं राहतं.

आपल्याकडे त्यात ऊसतोडीची भर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या उचल घेऊन कारखान्यांवर जातात, येतात मार्च-एप्रिलला. मधल्या काळात समन्स घेऊन गेलेला पोलीस 'घराला कुलूप' असा शेरा मारून परततो. हे टाळायचं तर टोळी हलायच्या आत रजिस्टर भरून घ्यावं लागतं: कारखाना कोणता, मुकादम कोण, खोप्या कुठल्या शिवारात पडणार, गावात मागे राहिलेल्या आजीचा किंवा चुलत्याचा नंबर. एका नंबरावर भागत नाही, रिचार्ज संपलं की इनकमिंगही बंद. मुकादमाला फोन करायची वेळ आलीच तर कारण सांगायचं नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत अख्ख्या फडाला केस कळते. फोन कोण करणार आणि काय बोलणार हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. ग्रुपच्या हिशोबात हे सगळं 'ऑफिसचे चोचले' या खात्यात जातं.

इथलं सांगते. मुलाची मुलाखत शक्यतो एकदाच घ्यायची आणि ती रेकॉर्ड करायची, या पायावर अत्याचार झालेल्या मुलांसाठीची इथली केंद्रं उभी आहेत. पहिलं १९८५ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलला निघालं. मुलाखत घेणारीचं कौतुक सगळे करतात. पण खोलीत मूल येण्याआधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ते हेडफोनवर ऐकावं लागतं, कारण घाबरलेलं मूल पुटपुटतं आणि माइक एसीच्या झोताखाली असला तर फक्त घरघर ऐकू येते. मशीनचं घड्याळ मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये हाताने तपासायचं, कारण तेव्हा इथली घड्याळं तासाने पुढे-मागे होतात. तासाचा फरक राहिला तर बचावाचा वकील तेवढंच धरून बसतो. डिस्कवर किती जागा उरली ते आदल्या दिवशी बघायचं. कॉपी कुणी नेली, किती वाजता, सही कुठे, याची नोंद तुटली तर चांगली मुलाखतसुद्धा लटकते. पॉक्सोच्या कलम २६ मध्येही शक्य असेल तिथे मुलाचा जबाब दृकश्राव्य पद्धतीने नोंदवावा असं आहेच. म्हणजे आपल्याकडेही माइक लागणार, आणि वीज जाते म्हणून यूपीएसची बॅटरी वेळेत बदलणारा माणूसही.

आता टक्क्यांचं भांडण. भारतात परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांपर्यंतच करता येतो. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल ग्रँटवर (केंद्र सरकारच्या अनुदानावर), काही बाबी वगळून, थेट खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत अप्रत्यक्ष, म्हणजे ऑफिसचा खर्च वेगळा हिशोब न मांडता लावता येतो. आधी तो १० होता. हे लिहिलं तर एकाने लगेच सुनावलं, "मग आपले वीस जास्तच की!" अरे बाबा, इथले पंधरा वाटाघाटीशिवाय लावता येतात आणि मोठ्या संस्था वाटाघाटी करून जास्त घेतात, तिथे विसाच्या पुढे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही. शिवाय इथे कुणीही नाइन-नाइंटी (संस्थांचं जाहीर कर-विवरणपत्र) उघडून संचालकाचा पगार वाचू शकतो, म्हणजे कुजबुजण्याऐवजी आकडाच बघता येतो. (पैसे जमवायला हॉटेलात जे गाला होतात त्यातल्या एका जेवणावळीचा खर्च सांगितला तर ग्रुपला आयतं कोलीत मिळेल. तो विषय मी काढत नाही.)

मग मागणी आली फोटोंची. पैसे दिले तर लेकरांचे फोटो ग्रुपवर टाका म्हणे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी हे वाचावं. फोटो हवाच असेल तर कुलूप लावलेल्या कपाटाचा मागा, आतल्या फायलींवर नाव नसून केस नंबर आहे ना तेही विचारा.

"तिकडे बसून शिकवणं सोपं आहे," हेही ऐकवलं गेलं. खरं आहे. मला इथल्या कोर्टाच्या पार्किंगचा कुठला मजला कधी भरतो ते ठाऊक आहे, आणि बीडला बालकल्याण समिती कुठल्या वारी बसते ते विचारावं लागतं. मराठवाड्याचं म्हणून मी तावातावाने बोलते, पण कागदावर मी तिकडची राहिलेले नाही. भारतीय पासपोर्ट होता तोवर इथल्या पगारातून बँकेमार्फत पाठवलेली माझी देणगी देशीच धरली जायची. इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरी, ती परकीय. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. या संस्थेकडे यातलं काहीच नाही. "भावाच्या खात्यातून फिरवून दे," असा सल्ला दोघांनी खासगीत दिला. असली फिरवाफिरवी पकडण्याचाच मला पगार मिळतो, तेव्हा ते होणे नाही.

म्हणून पुन्हा तुम्हालाच सांगते. अकाउंटंटचा पगार तुम्ही द्या. पावती घ्या आणि प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर सवलत मिळणार नाही. ते प्रमाणपत्र तुम्हाला वेळेत मिळायचं तर तोही कागद कुणीतरी भरायला लागतोच.