गाडीच्या अपडेटसाठी महागडा प्लॅन कशाला?

गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट वायफायवर उतरवायचं तर घरी किमान ३०० एमबीपीएसचा प्लॅन हवाच, हे तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. साधा हिशेब करा: ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला जेमतेम ६ मेगाबाइट, तरी ५ जीबीची फाइल पाव तासात उतरते. आणि गाडी तर रात्रभर उभीच असते!

माझं अपडेट दोनदा अर्ध्यात अडकलं, तेव्हा मीही घाईघाईने वरचा प्लॅन घेतला. काडीचा फरक पडला नाही. राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. तो खिडकीशी आणला, गाडी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) जोडली (भिंतींतून हाच बँड जास्त पोचतो) आणि त्याच रात्री काम झालं. दरमहा जादा पैसे भरायला सांगण्याआधी गाडीपाशी सिग्नल येतो का, हे तपासायला तरी सांगायचं होतं.