मावशीचे गुडघे आणि दुतोंड्या मारुती

नमस्कार. माझ्या इंदूमावशीच्या रहस्यकथेवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं: ७१ वर्षांची, गुडघे धरून चालणारी इंदूमावशी पोलिसांच्या आधी खुनी शोधते हे पटत नाही, पुराचा पुरावा म्हणजे योगायोग, रक्ताचा थेंब नाही, आणि मुळात ही अगाथा ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या गुप्तहेर मिस मार्पलची उसनवारी.

उसनवारीचं आधी. मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेतून आली. त्याच्या ३० वर्षं आधी, १८९७ मध्ये, अमेरिकेच्या ॲना कॅथरीन ग्रीन यांनी अमेलिया बटरवर्थ नावाच्या चौकस बाईला शेजारच्या घरातल्या खुनामागे लावलं होतं. वाट जुनीच आहे. मी ती नाशिकरोडला वळवली.

पुराबद्दल मात्र भांडणार. संशयित भाचा सांगतो, "पाच वाजता मी गंगेवर पूर बघत होतो." गंगा म्हणजे आमची गोदावरी. फौजदार बाहेरगावचे, त्यांनी लिहून घेतलं. नाशिककर पुराची उंची नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. मावशीने एवढंच विचारलं, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर होतं रे?" तो म्हणाला, "गळ्यापर्यंत." पाणी होतं कमरेला! पठ्ठ्याने मोबाईलवर फिरणारा मागच्या वर्षीचा फोटो पाहिला होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकमेकांना हाच प्रश्न विचारतं. यात योगायोग कुठला?

आणि गुडघे दुखतात म्हणून तर ती ओट्यावर बसून असते. माझी आजी भाजी निवडत बसायची, तेव्हा वाड्यातली माणसं तिच्यासमोर खुशाल बोलायची. म्हातारीला काय कळतंय! तिला सगळं कळायचं. त्यात इंदूमावशी नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, प्रेसमधून निवृत्त झालेली, जन्मभर छापलेल्या कागदांतल्या चुका शोधलेली. मृत्युपत्रावरची वेगळी शाई तिच्या नजरेतून सुटेल?

रक्त घालणार नाही. ते रोज पेपरात येतं.

एक मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. तिसऱ्या भागात मावशी डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढते. ती चूक माझीच. मी स्वतः त्या पायऱ्यांवर दोनदा बसते. आता तिला निम्म्या वाटेवर बसवते. तिथून खाली उतरणारा पिशवीवाला तिला दिसेल, म्हणजे चौथ्या भागातलं ते ओढूनताणून आणलेलं पत्रही काढून टाकता येईल.